चाचणीसाठी स्वच्छ माणूस

पाणीपुरवठा मंडळाच्या चौकशी विभागाचे प्रमुख रोज सकाळी आपला शर्ट आपल्या हाताने इस्त्री करत. बायकोला हात लावू देत नसत. तिच्या हातून कॉलरच्या मागे एक चुणी राहते, असा त्यांचा लग्नापासूनचा आरोप होता आणि तो त्यांच्या मते सिद्ध झालेला होता. ऑफिसात तोंडावर त्यांना साहेब म्हणत आणि पाठ वळली की इस्त्रीसाहेब. हे त्यांना माहीत होतं. बहुतेक सगळंच त्यांना माहीत असे, पगारच त्याचा मिळत होता.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणीही 'मेला राक्षसच दिसतोय' म्हणेल आणि स्वतः मोकळा होईल. लाच नाही, शिवी नाही, कुणावर आवाज चढवणं नाही. सासू वर्षभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिची औषधं न चुकता यांनीच आणली. असा माणूस शेजारी मिळाला तर आपण देवाचे आभारच मानू.

ते यायच्या आधी चौकशी विभाग म्हणजे नुसती अडगळीची खोली होती. ज्याचं कुठेच जमत नाही त्याला तिथे ढकलायचं. चौकशी अधिकारी पंपहाऊसवर जायचा, ज्याची चौकशी करायची त्याच्याकडेच जेवायचा आणि ढेकर दिल्यावर विचारायचा, "मग काय लिहू?" बड्यांची प्रकरणं कपाटात लोणच्यासारखी मुरत पडायची. एकदा एका इंजिनिअरच्या चुकीने अर्ध्या शहरात गढूळ पाणी गेलं आणि नोकरी गेली ती व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कामगाराची. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. साहेब तेव्हा विभागात नवीनच उपप्रमुख होते. तो कामगार हातात आपली किल्ली घेऊन जिन्यात बसलेला त्यांनी पाहिला. आता ही किल्ली कुणाकडे द्यायची, एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता. ते बघून साहेबांना खरोखर रडू आलं होतं. खोटं नाही सांगत, हा माणूस त्या दिवशी रडला होता.

मग प्रमुख झाल्यावर त्यांनी विभाग घासूनपुसून लख्ख केला. तळमजल्यावर तक्रारींची लाल पेटी बसवली. कुठलं प्रकरण कुणाकडे जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरू लागलं. जबाब घेताना दोघांनी बसायचं. ज्याच्या दारात चौकशीला जाल त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि हे पाण्याच्या खात्यात! तक्रार कुणी केली ते कधीही, कुणालाही सांगायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे अधिकाऱ्याच्या निष्कर्षाला साहेबांनीसुद्धा हात लावायचा नाही. 'तथ्य आहे' की 'तथ्य नाही' हे शोधणारा ठरवणार, साहेब सही करणार. वरून दबाव आला की साहेब शांतपणे म्हणत, "माझ्या हातात काही नाही." बाकीचे अधिकारी हे वाक्य हात झटकायला वापरतात, यांच्या तोंडी ते खरं होतं. दुसऱ्या मंडळांतून लोक हा कारभार बघायला येऊ लागले. पळसाला पानं तीनच, पण या पळसाची पानं पुसून ठेवलेली होती.

इथपर्यंत सगळं छानच होतं. पण स्वच्छतेचा नाद लागलेल्या माणसाला डाग दिसला नाही तर झोप येत नाही. साहेबांच्या मनात आलं, आपले अधिकारी खऱ्याला खरं म्हणतात हे दिसतंय. पण खोट्याला खोटं म्हणतात का? एखाद्याला रिकाम्या हाताने परत यायची लाज वाटून तो काहीतरी उकरून आणत असेल तर? त्या व्हॉल्व्हवाल्यासारखा अजून कुणी बळी पडत असेल तर? हे कळायचं कसं?

आणि त्यांना युक्ती सुचली. वर्षातून एखाद्या वेळी आपणच एक खोटी तक्रार लिहायची. ज्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही अशा माणसाविरुद्ध. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सहज खाली जाऊन ती लाल पेटीत टाकायची आणि बघत बसायचं. अधिकारी 'तथ्य नाही' म्हणून परत आला, तर तो पास. काहीतरी घेऊन आला, तर नापास. तेव्हाच्या मंडळाध्यक्षांच्या कानावर त्यांनी हे घातलं होतं. ते म्हणाले होते, "करा, पण मला सांगू नका." पुढे ते वारले आणि ही गोष्ट पृथ्वीतलावर एकट्या इस्त्रीसाहेबांना ठाऊक राहिली.

ज्याच्या नावाने तक्रार व्हायची त्या माणसाचं काय? त्याचं काही नाही. कर नाही त्याला डर कशाला! महिनाभर त्याची झोप उडायची, बायको-मुलं धास्तावायची, ऑफिसातले लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. मग 'तथ्य नाही' असं पत्र यायचं आणि साहेब मनात म्हणायचे, बघा, सोनं ते सोनंच. साहेबांच्या हिशेबी ताप येऊन गेला होता, माणूस दगावला नव्हता ना? अशा चाचण्या बऱ्याच झाल्या आणि सगळे अधिकारी पास झाले. साहेबांना भारी समाधान वाटायचं, पण ते सांगणार कुणाला?

मग विभागात एक नवा अधिकारी आला. पहिल्याच दिवशी कोरा सूट, कोरे बूट, केसांना तेल. शिपायाने दारातच त्याचं नाव नवरदेव ठेवलं आणि ते चिकटलं. पोरगा हुशार, मेहनती आणि साहेबांचा परमभक्त. साहेब डावीकडे पेन ठेवतात म्हणून हाही डावीकडे ठेवायचा. त्याची परीक्षा घ्यायला हवी होती. त्यासाठी स्वच्छ माणूस हवा होता, आणि मंडळात सगळ्यात स्वच्छ माणूस कोण हे शिपायालाही विचारावं लागलं नसतं. ती म्हणजे ताई.

ताई प्रयोगशाळेत मुख्य तपासनीस होती. शहरातल्या टाक्यांतून आणि नळांतून बाटल्या भरून यायच्या आणि ताई त्या तपासायची. औषध किती उतरलंय, गढूळपणा किती, जंतू आहेत का. तिची सही झाल्याशिवाय टाकी सुटायची नाही. सारं मंडळ तिला ताई म्हणायचं, वयाने मोठे असलेले इंजिनिअरसुद्धा. एकदा एका बड्या अधिकाऱ्याने उद्घाटनाची घाई म्हणून फोन केला, तर म्हणाली, "साहेब, जंतूंना तुमचा कार्यक्रम माहीत नाही. उद्या या." लग्न केलं नव्हतं. बाप लवकर गेला, धाकट्या बहिणीला तिनेच शिकवलं, त्याच प्रयोगशाळेत परीक्षा देऊन चिकटवलं. तिघी एकत्र राहायच्या, ताई, धाकटी आणि म्हातारी आई. धाकटीला दोन स्थळं आली, दोन्ही वेळा ती म्हणाली, "ताई एकटी पडेल." ताई चिडायची, "मी काय कुकुलं बाळ आहे?" मनातून तिला बरं वाटायचं.

साहेबांनी आरोप निवडला तो अगदी जपून. त्यातल्या त्यात अशक्य असा. ताईवर लाचेचा आरोप केला असता तर नवरदेव हसलाच असता, म्हणून त्यांनी एकच ओळ लिहिली. प्रयोगशाळेत न तपासता सह्या होतात. लिहून झाल्यावर त्यांना स्वतःलाच थोडं हसू आलं. ताई आणि न तपासता सही! सूर्य पश्चिमेला उगवायचा.

नवरदेवाने सोबतच्या अधिकाऱ्यासमोर ताईला ती ओळ वाचून दाखवली. आता दुसरी एखादी बाई असती तर अंगावर गेली असती, "कोण म्हणतो? आणा समोर." खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे न खाणारीच खवखवायला लागली. ताईचा चेहरा पडला. ती म्हणाली, "एकदा झालंय तसं."

झालं होतं ते एवढंच. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी शेजारणीचा फोन आला की आई न्हाणीघरात पडलीय. ताई बाटल्या तशाच ठेवून धावली. धाकटी मागे थांबली आणि तिने सगळ्या बाटल्या तपासून ठेवल्या. तिलाही ते काम तितकंच चोख येत होतं. ताई आईला दवाखान्यात सोडून परत आली, धाकटीचे आकडे पाहिले, शंका नको म्हणून दोन बाटल्या पुन्हा तपासल्या आणि सही केली. नियम होता, ज्याने तपासलं त्यानेच सही करायची. पाणी स्वच्छ होतं. कुणाचं पोट दुखलं नाही, कुणाच्या कानावर काही गेलं नाही. ही गोष्ट जगात दोघींनाच माहीत होती.

नवरदेवाने ते शब्दशः उतरवून घेतलं. आयुष्यातलं पहिलं प्रकरण, आणि त्यात कबुली! त्याने निष्कर्ष लिहिला, 'अंशतः तथ्य आहे'.

तो कागद साहेबांच्या टेबलावर आला. हे असं व्हायचंच नव्हतं. त्यांनी खोटी ओळ लिहिली होती आणि ती खाली जाऊन खरी होऊन वर आली होती. पोरगा नापास म्हणावा तर त्याने शोधलं ते खरंच होतं, आणि पास म्हणावा तर बाई बुडत होती.

त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्या व्हॉल्व्हवाल्यानंतर ऑफिसातली गोष्ट त्यांनी घरी पहिल्यांदाच काढली. बायको घास हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे खोटं तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली, "आणि शिक्षा तिला?"

"शिक्षा अजून झालेली नाही."

"मग सांगून टाका ना. म्हणावं, ते मीच टाकलं होतं, चूक झाली."

"तुला यातलं कळत नाही. मी सांगितलं की उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझ्यावरची तक्रारही साहेबांनीच केली. आजवर ज्यांना शिक्षा झाल्या ते सगळे उठून उभे राहतील. खरे चोरही सुटतील. सगळा विभाग बसेल."

"आणि तुम्ही?"

साहेबांनी आमटी वाढून घेतली. बायकोने घास तोंडात घातला. "त्या व्हॉल्व्हवाल्यासाठी रडला होतात तुम्ही," ती म्हणाली. "मीच पाणी दिलं होतं." मग ती उठून भांडी घासायला गेली, आणि भांड्यांचा आवाज त्या दिवशी जरा जास्तच झाला.

अगदीच काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. साहेबांनी प्रकरण परत पाठवलं. वर शेरा मारला, 'अधिक स्पष्टता हवी.' त्यांच्या मनात होतं, पोरगा पुन्हा बघेल, पाणी स्वच्छ होतं, हेतू वाईट नव्हता असं काहीतरी लिहील. तोंडाने सांगायचं तर निष्कर्षात हात घातल्यासारखं होईल, आणि तो तर त्यांचाच नियम. पण भक्त शेरा कसा वाचतो ते भक्तच जाणे. नवरदेवाने वाचलं की साहेबांना हे कच्चं वाटतंय, अजून पक्कं हवंय.

त्याने धाकटीला बोलावलं. धाकटीला ताईने काय सांगितलं ते माहीत नव्हतं. चौकशी चालू असताना घरातसुद्धा बोलायचं नाही असा नियम होता आणि ताई म्हणजे नियम. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोन बहिणी पंधरवडाभर पाठीला पाठ लावून गप्प पडून राहिल्या होत्या. नवरदेवाने विचारलं, "त्या दिवशी मुख्य तपासनीस कामावरून गेल्या होत्या का?" धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा मोठं खोटं बोलायचं ठरवलं, ताईसाठी. "छे," ती म्हणाली, "ताई कुठे गेलीच नव्हती. सगळं तिनेच तपासलं."

बोंबला! दोन जबाब, दोन तोंडं. खरं बोलणारी आणि खोटं बोलणारी, दोघींचं प्रेम एकमेकींवर, आणि कागदावर दिसलं ते संगनमत. आता निष्कर्ष आला तो खणखणीत. 'तथ्य आहे. शिवाय सत्य लपवण्याचा प्रयत्न. दोघींवर कारवाई व्हावी.'

साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आता परत पाठवलं तर हा पोरगा आईलाही गुंतवेल, अशी त्यांना भीती वाटली. शिक्षा काय द्यायची हे मात्र त्यांच्या हातात होतं. तेवढ्यात त्यांनी दया दाखवली. धाकटी लहान आहे, बहिणीच्या मायेपोटी बोलली, म्हणून तिला नुसती समज. ताईला मात्र प्रयोगशाळेतून काढणं भाग होतं. सही करणाऱ्याचाच दोष, त्यातून सुटका नव्हती. तिची बदली जुन्या मीटरांच्या गोदामात झाली. मुख्य तपासनिसाची जागा रिकामी ठेवून चालत नाही. ज्येष्ठतेने पुढचं नाव धाकटीचं होतं, ते लागलं. साहेबांना वाटलं, निदान घरातल्या घरात तरी राहिलं. देवा, अशी दया कुणाच्या वाट्याला येऊ नये.

गोदामात छपरापर्यंत गंजलेले मीटर रचलेले होते. त्यांवरचे आकडे वाचून एका बाजूचे मीटर दुसऱ्या बाजूला मांडायचे, एवढंच काम. ताई ते करत होती. पण राहत्या इमारतीत तोंड दाखवणं कठीण झालं. ज्या बायका तिला विचारून पाणी प्यायच्या त्याच आता जिन्यात थांबवायच्या. एक म्हणाली, "ताई, इतकी वर्षं आम्ही काय पीत होतो हो?" दुसरी तिच्या देखत मोठ्याने मुलाला म्हणायची, "उकळलेलं पी रे, नळाचं काही खरं नाही." कामावरून येताना ताई आता वळसा घालून मागच्या जिन्याने यायची.

आणि तिच्या डोक्यात भुंगा शिरला. ती ओळ. न तपासता सह्या होतात. ज्याला त्या सकाळचं माहीत आहे तोच हे लिहिणार. माहीत कुणाला होतं? मला आणि तिला. मी लिहिलेलं नाही. मग ती चौकशीत खोटं का बोलली? आपण लिहिलेलं अंगाशी येतंय म्हटल्यावर घाबरली असेल. मला गोदाम, तिला नुसती समज. माझी खुर्ची कुणाला? तिला. माणूस एकदा असा बेरजा करायला बसला की उत्तर चुकत नाही, फक्त आकडेच खोटे असतात. धाकटी घरी चहा ठेवायची, तर ताई तो प्यायची नाही. "ताई, काय झालं?" "काही नाही." धाकटीला वाटायचं, नोकरीचं दुःख आहे, जाईल हळूहळू.

शेवटी ताई इस्त्रीसाहेबांना भेटायला आली. एवढ्या मंडळात तिच्या मते तोच एक सरळ माणूस उरला होता. ती समोर बसली. बोटांना मीटरांचा गंज लागलेला होता.

"शिक्षेबद्दल नाही आले मी," ती म्हणाली. "चुकले होते, मिळाली. मला फक्त एक विचारायचंय. तक्रार कुणी केली?"

"ते सांगता येत नाही, ताई. तुम्हाला नियम ठाऊक आहे."

"मी नावच विचारत नाही. मी एक नाव घेते. तुम्ही नुसतं नाही म्हणा." तिने गंजाची बोटं पदराला पुसली. "माझ्या बहिणीने केली का?"

आता त्या विभागात एक गोष्ट लहानथोर सगळ्यांना पाठ होती. साहेबांना नाही म्हणायचं असलं की ते तोंडावर 'नाही' म्हणतात. गप्प बसले की ज्याने त्याने होकार समजून घ्यायचा. साहेबांच्या जिभेवर तो शब्द आला होता. नाही. एक शब्द. बाईचं अर्धं आयुष्य परत मिळालं असतं. पण तो शब्द बाहेर पडला की ती विचारणार, तुम्हाला एवढं खात्रीने कसं माहीत? तक्रारीवर तर नाव नव्हतं. मग कुणी लिहिली? आणि त्या वाटेने गेलं की शेवटी हेच टेबल लागतं. साहेबांनी पेन उचललं, डावीकडून उजवीकडे ठेवलं आणि गप्प बसले.

ताईने थोडा वेळ वाट पाहिली. मग उठली. "कळलं," ती म्हणाली. "तुमचे उपकार झाले, साहेब. दुसऱ्या कुणी एवढं पण सांगितलं नसतं." आणि दार हळूच लोटून गेली. साहेबांनी शिपायाकडून पाणी मागवलं, पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

त्या आठवड्यात ताईने आईला घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड केलं. धाकटीने सामान उचलायला हात लावला तर म्हणाली, "ठेव खाली. माझी खुर्ची उचललीस तेवढं पुरे." धाकटीला अर्थच कळला नाही, आणि कळला तेव्हा ती उंबऱ्यातच बसली. मग ती रोज प्रयोगशाळा सुटल्यावर त्या नव्या घराच्या दाराशी जायची. ताई दार उघडायची नाही. आतून आई विचारायची, "कोण आलंय गं?" ताई म्हणायची, "कुणी नाही."

धाकटी साहेबांकडे आली तेव्हा रडून रडून तिचे डोळे सुजलेले होते. ती बसलीसुद्धा नाही.

"साहेब, मी ताईवर तक्रार केलेली नाही. देवाशपथ. तुम्हाला तर खरं ठाऊक असेल. तुम्ही एवढंच सांगा तिला, की मी नव्हते. कुणी होतं ते नका सांगू. मी नव्हते, एवढंच."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी खरं बोलतेय हे जगात एकाच माणसाला नक्की माहीत होतं, आणि तो तिच्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"तसं सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले. "आज तुम्ही नव्हे म्हणायचं, उद्या दुसरा येणार, तोही नव्हे. असं एकेकाला नाही म्हणत गेलं, तर शेवटी एकच उरतो."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. ती बघत राहिली. क्षणभर त्यांना वाटलं, कळलं हिला. आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना असंही वाटलं की कळू दे, सुटू दे एकदाचं. पण तिला कळलं नाही. कसं कळणार? साहेबांवर संशय घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं, इतका त्यांनी विभाग स्वच्छ ठेवला होता.

"मग ताईला मी काय सांगू?" तिने विचारलं. "ती म्हणते, तू साहेबांनाच विचार जा."

खरं तर इथेही वेळ गेली नव्हती. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगा, मी विचारलं, पण साहेब काही बोलले नाहीत."

आपण काय सांगतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तिला नव्हतं. धाकटी आता शहाणी झाली होती, एकदा खोटं बोलून काय झालं ते तिने भोगलं होतं आणि पुन्हा एक अक्षरही वाढवायचं किंवा गाळायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ती तशीच गोदामात गेली, मीटरांच्या रांगेत उभ्या असलेल्या ताईसमोर थांबली आणि जसंच्या तसं सांगितलं.

"मी विचारलं गं. साहेब काही बोलले नाहीत."

ताईने हातातला मीटर जागेवर ठेवला. "माझ्याजवळही नव्हते बोलले," ती म्हणाली. "जा आता. आणि आईला विसर."